दावणीचा हिशेब

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं आपण कुणाचा संकोच मोडायला म्हणतो. पण या म्हणीमागे एक व्यवहार होता. दूध विकावं, तूप विकावं, ताक मात्र विकायचं नाही, असा गावोगाव दंडक होता. सकाळी घुसळण झाली की शेजारची पोरं तांब्या-लोटी घेऊन दारात उभी. आज ज्याची म्हैस आटली त्यानं व्यालेल्या म्हशीच्या घरी जायचं, पुढच्या वर्षी पाळी उलटायची. त्यामुळे ताक मागण्यात लाजायचं काही कारण नव्हतं, आणि भांडं लपवणारा माणूस हसण्यावारी जायचा.

त्या घरांच्या काटकसरीचं हल्ली फार कौतुक होतं. काही वाया जात नव्हतं, असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. चतकोर भाकरी कुत्र्याला, भांड्याचं धुवण म्हशीच्या घमेल्यात, पाखडताना पडलेली चुरी कोंबड्यांना. शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात, शेतातला कडबा पुन्हा गव्हाणीत. मांजर कुणी विकत आणत नसे, कणगीशी उंदीर झाले की ते कुणाच्या तरी घरून पोत्यात घालून आणलं जाई. लाडाचं म्हणून ठेवलेलं जनावर विरळाच, प्रत्येकाला काम नेमलेलं. पण हा हिशेब घरातल्या घरात जुळत नव्हता. तो जुळायचा, कारण चाऱ्याला पैसे पडत नव्हते. चारा कुठून यायचा आणि तो केव्हा विकतचा झाला, हे पाहिल्याशिवाय ही काटकसर कळत नाही.

माणूस आणि जनावर एका अंगणात राहण्याची गोष्ट महाराष्ट्रात फार मागे जाते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या आणि कुत्रा यांची हाडं मिळाली. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि तिच्याजवळ मातीचा बैल मिळाला. अखेरच्या काळात पाऊस आटला, तशी चौकोनी प्रशस्त घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शेतीपेक्षा जनावरांवर जास्त विसंबू लागले, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी लावला. पीक बुडालं की जनावर धरायचं, ही सवय इतकी जुनी दिसते. माणदेशात आजही दुष्काळाचं पहिलं बोलणं विहिरीच्या पाण्याचं असतं आणि दुसरं वैरणीचं.

गावाला गायरान असे, डोंगराला रान असे, आणि पीक निघाल्यावर उघडी पडलेली शेतं सगळ्यांच्याच गुरांना मोकळी असत. गुराखी सगळ्या गावची गुरं घेऊन जाई आणि घरटी धान्य घेई. धनगर मेंढरं घेऊन उतरले की शेतकरी त्यांना रानात वाडा बसवायला बोलावत. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळे आणि धनगराला ज्वारी-बाजरी. पैसा मध्ये आलाच तर थोडा.

इंग्रजी अमलात ही सोय आकसत गेली. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला आणि कोंडवाडा हा शब्द गावकऱ्यांच्या धास्तीचा झाला. चुकून दुसऱ्याच्या पिकात शिरलेली म्हैस आता दंड भरून सोडवून आणावी लागे. १८७८च्या वन कायद्यानं रानं राखीव झाली. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात, गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूदही झाली. एका खात्यानं घ्यायचं आणि दुसऱ्यानं कागदावर द्यायचं.

या घालमेलीचा सगळ्यात नेमका साक्षीदार म्हणजे जोतीराव फुले. १८७६–७८च्या दुष्काळानंतर, १८८३ साली, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात थोडक्या जमिनीच्या कुणब्याचं घर पूर्वी कसं चाले याचं वर्णन आहे. शेतीवर भागत नसे, तेव्हा तो रानातली उंबरं-जांभळं खाई, पळस-मोहाची पानं-फुलं आणि लाकूडफाटा विकी, आणि गायरानाच्या भरवशावर एक-दोन गाया नि दोन-चार शेरड्या पाळी. जंगल खात्यानं डोंगर-दऱ्यांबरोबर गायरानंही घशात घातली आणि गरिबाच्या शेरडाला श्वास घ्यायला जागा उरली नाही, असा त्यांचा संताप आहे. मला यातला आकडा महत्त्वाचा वाटतो. एक-दोन गाया, दोन-चार शेरड्या. हौस यात काही नव्हती, तो त्या घराचा विमा होता आणि त्याचा हप्ता गायरान भरत होतं.

सरकारी अहवालांना गुरं डोळ्यांत खुपत. १९२८च्या शाही कृषी आयोगानं म्हटलं की चांगल्या बैलांचा तुटवडा म्हणून शेतकरी जास्त गुरं ठेवतो, जास्त गुरांना चारा पुरत नाही, चारा नाही म्हणून बैल आणखी खुरटतात. निदान चुकीचं नव्हतं. पण चारा कमी का पडला, हा प्रश्न उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी मागच्या पन्नास वर्षांत स्वतःला विचारायला हवा होता. त्याआधी १८९३च्या अहवालात व्होल्कर या रसायनतज्ज्ञानं निदान एवढं तरी ओळखलं होतं की शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळतो, कारण त्याला जळण मिळत नाही. रान बंद झालं, जळण गेलं, म्हणून शेण चुलीत गेलं, म्हणून शेत उपाशी राहिलं. शेणकुटांचे ते नीट रचलेले हुडवे छायाचित्रात सुंदर दिसतात खरे.

काही वाया जात नव्हतं, या वाक्याची आणखी एक बाजू आहे आणि ती कौतुकाच्या लेखांतून हमखास सुटते. मेलेलं ढोरही वाया जात नव्हतं. ते ओढून न्यायचं काम महारांवर लादलेलं, कातड्याचं काम चांभार आणि ढोर या जातींवर, आणि मोबदल्यात बलुतं नि ते मांस. मोट, वादी, जोडा, आसूड, सगळं त्यातूनच. १९ आणि २० मार्च १९२७ला महाडला परिषद झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडा, असं सांगितलं. पुढे गावोगाव महारांनी ढोरं ओढायचं थांबवलं आणि अनेक ठिकाणी त्यासाठी बहिष्कार सोसले. गोठ्याच्या मालकाला तोवर त्या कामाची किंमत कधी मोजावीच लागली नव्हती. घरात तीच गोष्ट बायकांची. पहाटे शेण काढणं, गोठा झाडणं, गोवऱ्या थापणं, सडा-सारवण, आंबोण भिजवणं. बैलाला वर्षातून एकदा पोळ्याची किंवा बेंदराची सुट्टी होती. शेण-गोठा करणारीला त्या दिवशी वर पुरणपोळ्या लाटाव्या लागत.

स्वातंत्र्यानंतरचा बदल गोठ्यात दारातून शिरला नाही, तो ज्वारीच्या ताटातून, म्हणजे तिच्या धांड्यातून शिरला. सोलापूर-मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी (तिची निवड मोहोळच्या संशोधन केंद्रावर झालेली) उंच वाढते. शेतकरी तिच्याकडे दोन डोळ्यांनी पाहतो, एक कणसावर, एक कडब्यावर. कडबा पेंढ्यांच्या शेकड्यानं विकला जातो आणि वाईट वर्षी धान्यापेक्षा त्याच्यावरच घर तरतं. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. दाणा भरघोस, ताट बुटकं. 'हायब्रीड' म्हणून तिची भाकरी लोकांनी नाकं मुरडत खाल्ली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. गव्हाण किती रिकामी राहिली, ते फारसं कुणी लिहिलं नाही. त्यातच १९७२चा दुष्काळ आला. माणसांना सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळाला, खडी फोडायचं काम मिळालं, त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. जनावरं मात्र मातीमोल किमतीत बाजार दाखवून आली.

पुढे १९९०नंतर मराठवाडा-विदर्भात सोयाबीन पसरलं. रोकड आली, पण सोयाबीनचं कुटार म्हणजे कडबा नव्हे. जनावर ते नाइलाजानं खातं. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर ज्वारी पेरायचं घरचं कारणही कमी झालं. उसाच्या पट्ट्यात वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर, गुरं पोसली जातात, तोडणीवाले ती विकून चार पैसे करतात. आणि वाढ्यांचा हंगाम संपला की पुन्हा वैरणीचा शोध.

गायरानाचंही सरळ नाही. मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायरानं कसली, त्यासाठी मार खाल्ला, १९९० पर्यंतच्या कब्जांना मान्यता देण्याचा निर्णय पुढच्या वर्षी निघाला. ज्याला कधी वीतभर जमीन मिळाली नाही, त्यानं गायरान नांगरलं तर गुरांच्या नावानं त्याला दोष देणं मला जमत नाही. गायरानावर शाळा, पाण्याच्या टाक्या, सौर प्रकल्प, पुढाऱ्यांच्या संस्थाही उभ्या राहिल्याच. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार या गावांनी उलट दिशेनं चराईबंदी केली. मोकाट चराई थांबवायची, गवत उगवू द्यायचं, मग कापून न्यायचं. डोंगर हिरवे झाले, गावात दूध वाढलं. पण कापून आणलेल्या गवतावर संकरित गाय परवडते, चार शेरडं नाहीत. शेरडं चरायलाच हवीत. ही अडचण भूमिहीन घरांना लगेच कळते.

दुधाचा कायापालट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे थोडक्यात. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभारलेल्या 'बाएफ' या संस्थेनं कृत्रिम रेतन दारापर्यंत नेलं, सहकारी संघांनी सकाळ-संध्याकाळ संकलन सुरू केलं. हातात दहा दिवसाला पगारासारखा पैसा येऊ लागला, हे खेड्यात आधी कधी झालं नव्हतं. पण दूध कॅनमध्ये गेलं आणि घुसळण थांबली. म्हणजे ताकही थांबलं. संकरित गाईला पेंड, मिनरल मिक्श्चर, पंखा, डॉक्टर, सगळं विकत लागतं. घरच्या गाईला आजी रात्रीची उरलेली भाकरी द्यायची, जर्सीला ती दिली तर पोट बिघडेल म्हणून नातू ओरडायचा. दोघांचंही बरोबर होतं.

बैलाचं काय झालं, ते पशुगणनाच सांगते. आपल्याकडे पहिली पशुगणना १९१९–२० साली झाली. विसावी २०१९ची. तिच्यानुसार देशात गोवंशातले नर आधीच्या, म्हणजे २०१२च्या, गणनेपेक्षा तब्बल ३० टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर हे मोठं कारण. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. तिच्या बाजूनं-विरोधात पुष्कळ बोललं गेलं. दावणीच्या हिशेबात तिचा अर्थ असा की म्हातारा बैल विकून नव्या बैलाची निम्मी रक्कम उभी करण्याची जुनी रीत मोडली. खिल्लाराला शर्यतींमुळे भाव आहे, पण तो शौकिनाचा भाव.

त्याच गणनेत परसातल्या कोंबड्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेल्या आहेत. मला ही आकडेवारीतली सगळ्यात बोलकी ओळ वाटते. कोंबडीला गायरान लागत नाही, कडबा लागत नाही. रात्री डालग्याखाली झाकली, सकाळी सोडली की उकिरडा उकरते. तिचा शत्रू मानमोडी. लस स्वस्त, पण एका कुपीत शे-पाचशे कोंबड्यांचे डोस आणि घरात कोंबड्या बारा, त्यामुळे चार घरं एकत्र आल्याशिवाय लस टोचली जात नाही. अंडी आठवडी बाजारात गावरान म्हणून दुप्पट भावानं जातात आणि घरातली पोरं पोल्ट्रीची खातात.

शेळी मात्र टिकून आहे, चराईबंदी असो नसो. उस्मानाबादी शेळीला जुळी करडं होतात, ती दगडधोंड्यांतल्या बोरी-बाभळींवर जगते. अर्धलीनं शेळी देण्याची चाल अजून चालू आहे. शेळी मालकाची, राखण राखणाऱ्याची, करडं निम्मी-निम्मी. विधवा, परित्यक्ता, म्हातारी, जिच्या नावावर सातबारा नाही, तिच्या नावावर निदान एक पाट, म्हणजे तरुण शेळी, असते. पोराची फी, दवाखाना, लग्नातला आहेर, कशालाही ती दोर सोडून बाजारात नेता येते. माणदेशात २०१२–१३च्या दुष्काळात म्हसवडला गुरांसाठी मोठी चारा छावणी उभी राहिली, हजारो जनावरं तिथे जगली आणि माणसंही त्यांच्यासोबत खोपटं बांधून राहिली. लहान शेरडांना मात्र छावणीत दावण सहसा मिळत नाही. ती घरीच, लिंबाच्या आणि सुबाभळीच्या डहाळ्यांवर.

जुन्नर-शिरूरकडे उसात बिबटे राहू लागल्यापासून कुत्र्याचं राखणीचं काम उलटं झालं आहे. पूर्वी कुत्रा ओट्यावर झोपायचा, आता शेळ्यांसोबत त्यालाही जाळीच्या आत घेतात. आमच्या ओळखीच्या एका घरी जुनी दगडी गव्हाण आहे, बैल जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिच्यात सध्या रात्री मांजर पिलं घेऊन झोपते आणि दिवसा वरच्या दावणीच्या खुंटीला मोटरसायकलचं हेल्मेट अडकवलेलं असतं.