सेट-टॉप बॉक्स भाड्याचा की मालकीचा? बिघडल्यावर पैसे कुणी भरायचे ते इथे ठरतं

डीटीएचचं कनेक्शन घेताना दीड-दोन हजार रुपये मोजले की बॉक्स आपला झाला, असं बहुतेक घरांत धरून चालतात. पुष्कळदा तो झालेला नसतो. त्या रकमेत छत्री बसवण्याची मजुरी, कनेक्शन सुरू करण्याचा आकार, पहिल्या महिन्याचा पॅक, कधी परत मिळणारी अनामत असं बरंच काही असतं. बॉक्सची किंमत त्यात असेलच असं नाही. पैसे किती दिले यावरून मालकी ठरत नाही, कोणत्या योजनेखाली दिले यावरून ठरते. बॉक्स चालू आहे तोवर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. तो बंद पडला की पहिला वाद इथेच होतो.

आपला बॉक्स कुठल्या प्रकारचा, ते ग्राहक अर्जावर बघायचं. कनेक्शन घेताना भरलेल्या या अर्जाची प्रत ग्राहकाला मिळायला हवी. त्यावर ‘आउटराइट पर्चेस’ असेल तर बॉक्स विकत घेतलेला. ‘रेंटल’ किंवा ‘बॉक्स कंपनीची मालमत्ता राहील’ असा मजकूर असेल तर तो भाड्याचा, मग सुरुवातीला कितीही पैसे दिलेले असोत. पावतीही बरंच सांगते. विक्री झाली असेल तर जीएसटीच्या बिलात बॉक्स ही वस्तू म्हणून दाखवलेली असते, अनामत घेतली असेल तर ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ अशी वेगळी ओळ असते. कागद हरवले असतील तर कस्टमर केअरला ईमेल करून योजनेचं नाव लेखी मागा. फोनवरच्या तोंडी उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

भाड्याच्या बॉक्समध्ये हिशेब सरळ आहे. वस्तू कंपनीची, म्हणून आपोआप आलेला बिघाड काढण्याचा किंवा बॉक्स बदलून देण्याचा भार कंपनीवर, आणि कनेक्शन चालू आहे तोवर तो तिच्यावरच राहतो. ‘वॉरंटी संपली, आता पैसे भरा’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. तुमच्याकडून दोन गोष्टी अपेक्षित असतात: बॉक्स उघडायचा नाही, आणि कनेक्शन सोडताना तो अॅडॉप्टर आणि रिमोटसकट परत करायचा. परत करताना बॉक्सचा सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्याच. अनामतीचा वाद झाला तर तो मिटवणारा कागद हाच.

विकत घेतलेल्या बॉक्सवर ट्रायच्या (दूरसंचार आणि टीव्ही सेवांच्या सरकारी नियामकाच्या) २०१७ च्या सेवा-गुणवत्ता नियमांप्रमाणे किमान एक वर्षाची वॉरंटी असते. त्यानंतर दुरुस्ती तुमच्या खर्चाने, किंवा कंपनीचा वार्षिक देखभाल करार घेऊन. या दोन्हींची गल्लत फार होते. वॉरंटी बॉक्सच्या किमतीतच आलेली असते. देखभाल करार वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो, आणि त्यात काय येतं ते कंपनीगणिक बदलतं: कुठे फक्त माणसाची फेरी, कुठे बॉक्सही, तर एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) आणि केबल बऱ्याचदा बाहेरच. जुना एसडी (साध्या, एचडी नसलेल्या चित्राचा) बॉक्स असेल तर कराराचे पैसे आणि नव्या बॉक्सचा भाव शेजारी मांडून बघा. आमच्या मते जुन्या बॉक्ससाठी दरवर्षी करार वाढवत बसणं क्वचितच परवडतं.

कंपनीचा माणूस घरी येतो त्या भेटीच्या शुल्काचं वेगळं. बसवणं, चालू करणं, भेट देणं यांच्या दरांवर ट्रायची कमाल मर्यादा होती, ती जुलै २०२४ च्या दुरुस्तीत काढली. आता कंपन्या आपापले दर ठरवतात, पण ते जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. म्हणून तक्रार नोंदवतानाच फेरीचे किती ते विचारा.

आणि ‘बॉक्स गेलाय’ असं सांगण्याआधी खरंच तोच गेलाय का, हे पाहून घ्या. बिघाड एलएनबीत निघाला तर मालकीच्या बॉक्सच्या वॉरंटीत तो येईलच असं नाही. भाड्याच्या योजनेतही छत्री, एलएनबी, केबल हे भाड्याच्या सामानात धरलंय का, हे अर्जावर पाहावं लागतं.

मेन्यूत सिग्नलचं पान असतं, त्यावर स्ट्रेंथ आणि क्वालिटी असे दोन पट्टे दिसतात. स्ट्रेंथ भरपूर पण क्वालिटी शून्य असेल तर एलएनबी आणि केबल बहुधा ठीक आहेत, छत्री हलली आहे. वाऱ्याने, माकडाने किंवा गंजलेल्या नट-बोल्टने ती दोन-तीन अंश सरकली तरी पुरतं. दोन्ही शून्य असतील तर केबल तुटली आहे, एलएनबी मेला आहे किंवा बॉक्समधून त्याला वीज जात नाही. ही वीज त्याच केबलमधून जाते. चॅनलचे दोन गट असतात, लहरींच्या कंपनाच्या दिशेप्रमाणे (ध्रुवण) उभे आणि आडवे: उभ्यांना सुमारे १३ व्होल्ट लागतात, आडव्यांना १८. म्हणून एका गटातले चॅनल लागतात आणि दुसऱ्या गटातले सगळे जातात तेव्हा एलएनबीचा अर्धा भाग गेलेला असतो किंवा बॉक्समधून १८ व्होल्ट येत नसतात. कोणतं खरं, ते शेजारच्यांचा त्याच कंपनीचा बॉक्स तुमच्या केबलला लावून पाहिलं की कळतं. त्यावर सिग्नल आला तर दोष तुमच्या बॉक्सचा. केबल काढण्या-लावण्याआधी बॉक्सचा प्लग मात्र काढा. केबलच्या टोकाला असलेल्या एफ-कनेक्टरमध्ये केबलभोवतीच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला चिकटली तर शॉर्ट होतं.

बॉक्स पुन्हा पुन्हा आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी अॅडॉप्टरवर संशय घ्या. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसतात, पण बॉक्सचा भार पडला की ते खाली येतात, कारण आतला कपॅसिटर (वीज स्थिर ठेवणारा भाग) थकलेला असतो. लेबलवर तेवढेच व्होल्ट, तेवढे किंवा जास्त अँपिअर, पिनेची ध्रुवता (प्लस आत की बाहेर) आणि आकार तोच, असा दुसरा अॅडॉप्टर लावून पाहा. दोनशे-तीनशे रुपयांत भागणाऱ्या कामासाठी बॉक्स बदलायला निघू नका.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात मुसळधार सर आली की चित्र जातं आणि सर ओसरल्यावर येतं. हा बिघाड नव्हे, डीटीएच ज्यावर येतं ती केयू-बँडची लहर पाण्यात शोषली जाते. ऊन पडल्यावरही सिग्नल आला नाही तर एलएनबीजवळचा जोड उघडा. तांबं हिरवं पडलं असेल तर केबल वीतभर कापून नवा कनेक्टर बसवा, आणि जोडाच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. विजेमुळे झालेलं नुकसान मात्र वॉरंटीत सहसा येत नाही, म्हणून गडगडाटात प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

आता बॉक्स बदलून मिळण्याचा दिवस. मिळणारा बॉक्स बऱ्याचदा दुरुस्त केलेला असतो, ते चालण्यासारखं आहे. न चालणारी गोष्ट म्हणजे मालकीचा बॉक्स देऊन त्या जागी भाड्याचा घेणं, तोही ‘अपग्रेड ऑफर’ म्हणून. आलेला माणूस ओटीपी मागतो तेव्हा संदेश पूर्ण वाचा, योजनेचं नाव बदललेलं दिसलं तर ओटीपी देऊ नका. सबस्क्रायबर आयडी तोच राहिला पाहिजे, नव्या बॉक्सचा नंबर कामाच्या पावतीवर आला पाहिजे, जुना नेला तर ‘परत घेतला’ अशी नोंद हवी. शिल्लक आणि पॅक नव्या बॉक्सवर आल्याचं टीव्हीवर दिसेपर्यंत सही करू नका. जुन्या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग सांकेतिक स्वरूपात असतं, ते नव्यावर चालत नाही.

अडवणूक झाली तर तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) घेऊन कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिथून हलत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. अर्जाची प्रत, पावती आणि डॉकेट नंबर एकत्र जोडा.