टाळी मागे का पडते?

सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन, मांडव गच्च. ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर चढतो आणि मागच्या रांगांची टाळी घसरते. बुवांना वाटतं, मंडळी पेंगली. खोड हवेची असते.

बीड-परभणीकडच्या उन्हाळ्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ३५ मीटरवर बसलेल्याला पखवाजाची थाप ०.१ सेकंद उशिरा ऐकू येते, त्याची टाळी परत यायला तेवढाच वेळ. मिनिटाला १५० मात्रांची लय असेल, तर मात्रा ०.४ सेकंदाची, म्हणजे ती टाळी पखवाज्याला बरोबर दोन मात्रांच्या मधोमध ऐकू येते. गंमत म्हणजे ७० मीटरवरची टाळी पुन्हा मात्रेवर पडते, फक्त एक मात्रा शिळी! पखवाजी तिची वाट पाहू लागला की लय मंदावलीच.

टाळकरी मात्र पखवाजापासून आठ-दहा मीटरच्या आत असतात. तिथला उशीर २५-३० मिलिसेकंद. एवढा माणूस सांभाळून घेतो.

मधल्या साउंड बॉक्सनं वेगळाच घोळ होतो. तारेतून आवाज तिथं लगेच पोचतो, पुढचा हवेतून मागाहून येतो, आणि अभंगाचा शब्द दोनदा ऐकू येतो. यावर मिक्सरमध्ये त्या बॉक्सला डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, द्यायचा: मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद, वर १०-१५. ३५ मीटरला ११०-११५. मग आवाज बुवांकडूनच आल्यासारखा वाटतो. टाळीचा उशीर यानं कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. पण कीर्तनात शब्द आधी.

२००० साली ‘नेचर’मध्ये रुमानिया-हंगेरीच्या नाट्यगृहांतल्या टाळ्यांचा अभ्यास छापून आला. प्रेक्षकांनी टाळीचा वेग साधारण निम्मा केला की ती एकसाथ पडते. गोंगाट वाढवायला वेग वाढवला की पुन्हा फुटते. तेव्हा टाळी ठाय म्हणजे संथ लयीतच धरायला लावावी, लय चढली की एक मात्रा सोडून.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. उजेडाला उशीर होत नाही. टाळकऱ्यांना दीड-दोन फूट उंच चौथऱ्यावर उभं करा. त्यांचे टाळ आणि पावली मागून दिसली, की लोक कानाऐवजी डोळ्यांनी टाळी धरतात आणि जाण्या-येण्यातला जाण्याचा उशीर उरत नाही.