महाग लॅपटॉप म्हणजे वेगवान लॅपटॉप?

‘किंमत दुप्पट, म्हणजे वेगही दुप्पट’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. खरं तर जादा पैसे बहुतेकदा वेगावर खर्चच होत नाहीत. ते जातात धातूच्या बॉडीत, चांगल्या स्क्रीनमध्ये, कीबोर्ड-टचपॅडमध्ये आणि वजन कमी करण्यात.

उलट, फार पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर पडायला जागा कमी. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे तोच प्रोसेसर जाडजूड, स्वस्त मशीनमध्ये लांबलचक कामात पुढे जाऊ शकतो. ‘आय७’ (इंटेलच्या प्रोसेसरची ‘आय५’पेक्षा वरची श्रेणी) या नावालाही भुलू नका: इंटेलच्या २०१६ च्या आय७-७५००यू मध्ये २ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होते, पुढच्याच वर्षीच्या आय५-८२५०यू मध्ये ४!

मग प्रीमियम घ्यायचाच नाही? तसं नाही. रोज आठ-आठ तास टाइप करणाऱ्याला, सतत प्रवासात असणाऱ्याला स्क्रीन, वजन आणि बॅटरीचा फरक नक्की जाणवतो. तिथे पैसे वसूल होतात. फक्त रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) आधी तपासा. अनेक महागड्या मॉडेल्समध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. माझ्या मते ८ जीबीचा देखणा लॅपटॉप घेण्यापेक्षा १६ जीबीचा साधा बरा.