ख्रिस्ती शोकसांत्वन

प्रियजनाच्या मृत्यूनंतर ख्रिस्ती माणसाला श्रद्धेतून, बायबलच्या वाचनातून आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या श्रद्धावंतांच्या, सोबतीतून मिळणारा आधार. येशू मेलेल्यांतून उठला, तसे त्याचे लोकही उठतील, हा विश्वास या सांत्वनाच्या मुळाशी आहे. मात्र खरी श्रद्धा असेल तर रडू नये, असा समज काही ख्रिस्ती घरांतही आढळतो. त्याला बायबलचा आधार नाही.

येशूचा मित्र, बेथानी गावचा लाजर मरून चार दिवस झाल्यावर येशू तिथे पोहोचला. आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही लाजराची बहीण मरिया आणि जमलेली माणसे रडताना पाहून तो स्वतः रडला (योहान ११:३५). येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे लिहिले. शोकच करू नका, असे नव्हे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक अखेरीस स्तुतीकडे वळतात. ८८ वे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते. ज्याच्या तोंडी अजून स्तुती येत नाही, त्याच्यासाठी हे फार मोलाचे आहे, कारण देवाला जाब विचारणे हीही इथे प्रार्थनाच ठरते. क्रूसावर येशूच्या ओठी आले तेही २२ व्या स्तोत्रातले, देवाने टाकल्याचे आक्रंदन.

धर्मसुधारक मार्टिन लूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना सप्टेंबर १५४२ मध्ये वारली. तिची सुटका झाली म्हणून आम्ही देवाचे आभार मानायला हवेत, पण माया इतकी दाट आहे की हुंदक्यांवाचून ते जमत नाही, अशा आशयाचे पत्र त्याने मित्राला लिहिले. आयुष्यभर पुनरुत्थान शिकवलेल्या माणसाचा हा कबुलीजबाब कोणत्याही प्रवचनापेक्षा शोकाकुलाच्या अधिक जवळचा वाटतो.

आचारांत पंथभेद आहे. कॅथलिक परंपरेत मृतांच्या आत्म्यासाठी मिस्सा (भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याची उपासना) अर्पण करतात आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन असतो. वसईसारख्या भागात त्या सुमारास कबरी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करीत नाहीत. त्यांची उपासना मागे राहिलेल्यांच्या धीरासाठी असते. मोराव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी १७३२ मध्ये जर्मनीतील हेर्नहूटच्या दफनभूमीत ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, पहाटे उपासना सुरू केली. पुनरुत्थानाचे गीत थेट कबरींजवळ गाण्याची ही प्रथा पुढे इतरत्रही पसरली.

सांत्वन करणाऱ्यांसाठीचा धडा बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात आहे. ईयोब हा मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेला नीतिमान माणूस. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. दुःखाचे कारण समजावू लागले आणि चुकले. शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. ‘देवाची इच्छा’ असे घाईने म्हणणाऱ्याने हा भाग जरूर वाचावा.

मिळालेला धीर दुसऱ्याला द्यायचा असतो, असे पौल करिंथकरांना सांगतो. १८७४ च्या दुष्काळात आईवडील आणि १८८२ मध्ये पती गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी विधवांना आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आसरा दिला. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली. त्यानंतर वर्ष उलटण्याआधी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे निधन झाले; मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्या अखेरपर्यंत करीत होत्या.