फोनला झोपवायचं कसं?

फोन रात्रभर उशाशी नुसता पडून होता, तरी सकाळी चार्ज बराच उतरलेला. असं झालं की आपण बॅटरीला दोष देतो. पण बऱ्याचदा खरी गोष्ट वेगळी असते: फोन रात्री झोपलेलाच नसतो.

काम नसताना प्रोसेसरला, म्हणजे हिशोब करणाऱ्या मुख्य चिपला, झोपू द्यायचं ही कल्पना स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. १९९७ चा सायन सिरीज ५ हा हातात मावणारा संगणक दोन पेन्सिल सेलवर चालायचा. त्याच्या ईपॉक या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रॅमनं सारखं डोकावून ‘काही आलं का’ असं विचारायचं नसे. घटना घडेपर्यंत स्वस्थ थांबायचं, अशी शिस्त होती. पुढे सिम्बियन ही मोबाइल फोनची ऑपरेटिंग सिस्टिम त्यातूनच घडली.

लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं वळण वेगळं होतं. काही काम नसतानाही त्याचं घड्याळ प्रोसेसरला सेकंदाला शंभर ते हजार वेळा उठवायचं. रिकाम्या वेळी ही टिकटिक थांबवण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये, २००७ च्या २.६.२१ आवृत्तीत आली.

२००८ मध्ये याच लिनक्सवर उभा राहिलेला अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. गूगलच्या अभियंत्यांनी ठरवलेला नियम धाडसी होता: कुणी अडवलं नाही तर सगळी यंत्रणा झोपेल. अडवायचं असेल तर ‘वेकलॉक’ घ्यायचा आणि काम झालं की सोडायचा. २००९-१० मध्ये कर्नल विकासकांच्या ईमेल-चर्चेच्या यादीवर यावरून कडाक्याचा वाद झाला. अॅप लिहिणाऱ्यांच्या हाती एवढा अधिकार का द्यायचा, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. तडजोड होऊन यासारखी सोय मुख्य लिनक्समध्ये यायला २०१२ साल उजाडलं.

आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, असं मला वाटतं. वेकलॉक घेऊन सोडायला विसरलेलं एखादं अॅपही रात्रभर प्रोसेसर जागा ठेवू शकतं. अॅपलनं आयफोनवर २००८ मध्येच बॅटरीचं कारण देऊन बाहेरच्या अॅपना मागे चालू राहायला मनाई केली होती. त्याऐवजी सर्व्हरकडून येणाऱ्या सूचनांचा मार्ग २००९ मध्ये दिला, आणि मर्यादित मल्टिटास्किंग २०१० मध्ये.

अँड्रॉइडनं लगाम आवळला तो २०१५ च्या ६.० आवृत्तीतल्या ‘डोझ’नं. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे, जागचा हलत नाही, असं काही काळ दिसलं की अॅपचे वेकलॉक जुमानलेच जात नाहीत, नेट तोडलं जातं, आणि खोळंबलेली कामं अधूनमधून थोड्या वेळासाठी एकदम उरकली जातात. पुढच्याच वर्षी खिशात हलणाऱ्या फोनलाही याचं सौम्य रूप लागू झालं. अशा झोपेत चॅटचा निरोप वेळेवर पोचवायचा, तर अॅपला स्वतःची जोडणी उघडी ठेवून भागत नाही. गूगलच्या संदेशसेवेतून, ‘तातडीचा’ असा शिक्का मारून, तो पाठवावा लागतो.