गळते, पण थेंब पडत नाही

पहाटेचे साडेचार. कांदा भरलेली जुनी डिझेल पिकअप बाजाराला निघायची आहे. चावी फिरवली, पहिल्याच सेल्फला गाडी लागली. वीसेक सेकंद छान चालली, मग अंग झटकल्यासारखी थरथरली आणि बंद पडली. पुढे कितीही सेल्फ मारा, नुसती घरघर. दहा मिनिटांत बॅटरीही बसते आणि सल्ले सुरू होतात: बॅटरी गेली, सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल गेले, ते दाबून नोझलला पाठवणारा पंप उतरवावा लागणार. गाडीला नजर लागली म्हणून बंपरला ताजं लिंबू-मिरची बांधणाराही एखादा निघतो. त्याचा सल्ला निदान वीस रुपयांत भागतो. बाकीचे काही हजारांत जातात, आणि उपयोग बहुधा तेवढाच.

बॅटरी सेल्फ मारून मारून बसली, तिचा दोष नाही. नोझल किंवा पंप इतका खराब असता तर गाडी पहिल्या सेल्फला लागलीच नसती. ‘लागली, वीस सेकंद चालली, गेली’ याचा अर्थ पंपाच्या पोटात रात्रीचं थोडं डिझेल शिल्लक होतं, ते संपलं आणि त्यामागून हवा आली. फिटरच्या भाषेत गाडीने एअर घेतली. मग मालक वाकून गाडीखाली बघतो. जमीन कोरडी. ‘गळत तर नाहीये,’ म्हणून तो हा संशय सोडून देतो. सगळा घोळ इथेच होतो, कारण ही गळती उलटी असते. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

टाकी चॅसीला खाली लटकलेली आणि पंप वर इंजिनाशी. म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) पाइपात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. अर्धा मीटर उंची चढवायची तर पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.०४ बारने कमी होतो (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). टाकीतली जाळी गाळाने भरली असेल तर आणखी कमी. अशा पाइपाला सुईच्या टोकाएवढी भेग पडली तर बाहेरची हवाच आत घुसणार. उसाच्या रसाच्या ग्लासात चिरकी स्ट्रॉ आली की काय होतं आठवा: रस स्ट्रॉमधून सांडत नाही, पण तोंडात निम्मी हवा येते.

दुसरी गोष्ट, हवा डिझेलपेक्षा कमालीची पातळ आहे. तिची चिकटता डिझेलच्या शंभरेक पटीने कमी. म्हणून ज्या फटीतून डिझेल पाझरायला कंटाळा करतं, तिथून हवा आरामात जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते आणि पाइपातला डिझेलचा स्तंभ हळूहळू टाकीत उतरतो. स्ट्रॉच्या वरच्या टोकावरचं बोट काढल्यावर रस खाली येतो, तसाच. गाडी चढावर, नाक वर करून उभी असेल तर हे लवकर होतं. यातूनच एक फुकटची चाचणी मिळते: एक रात्र गाडी उतारावर, नाक खाली करून लावा, आणि चाकांना दगड विसरू नका. सकाळी विनातक्रार चालू राहिली तर संशय पक्का झालाच म्हणून समजा.

पण एवढ्याशा हवेने अडीच लिटरचं इंजिन गप्प का व्हावं? हिशेब करून पाहू, कारण त्यातच गंमत आहे. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर नुसतं चालू ठेवलं तर ताशी साधारण पाऊण लिटर डिझेल खातं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांमागे एक फवारा, म्हणजे चौघांचे मिळून तासाला ९०,००० फवारे. भागाकार केला की एका फवाऱ्याला आठेक घनमिलिमीटर डिझेल येतं. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब ५० घनमिलिमीटरचा असतो. हा फवारा त्याचा सहावा हिस्सा. नोझल तो सोडतो दीडशे-दोनशे बार दाबाला. स्प्रिंगने बंद ठेवलेली सुई तेवढा दाब आल्याशिवाय उचलतच नाही.

आता पंपापासून नोझलपर्यंतच्या पोलादी पाइपात एक सेंटिमीटर लांबीचा हवेचा तुकडा अडकलाय असं धरा. पाइपाचं आतलं भोक दोन मिलिमीटर, म्हणजे ही हवा भरली ३१ घनमिलिमीटर. दीडशे बारला ती दबून ०.२ घनमिलिमीटरवर येईल (तापण्याचा हिशेब बाजूला ठेवू). म्हणजे नोझलची सुई हलण्याआधीच पंपाचे ३० घनमिलिमीटर हवा दाबण्यात खर्च झाले, आणि फवारा हवा होता आठचा! सेल्फ मारताना पंप नेहमीपेक्षा जास्त डिझेल देतो, पण असे दोन-तीन तुकडे असले की तेही पुरत नाही. पंपाचा दट्ट्या मागे गेला की दबलेली हवा स्प्रिंगसारखी पुन्हा फुगते. पंप दाबतो, हवा दबते. पंप सोडतो, हवा फुगते. नोझलपर्यंत काहीच पोचत नाही. बॅटरी संपेपर्यंत हा खेळ चालतो.

डिझेल तरी कुठे पूर्ण कडक आहे? दीडशे बारला तेही सुमारे एक टक्का दबतं. पन्नास सेंटिमीटरच्या पाइपात दीड हजार घनमिलिमीटर डिझेल असतं, त्याचा एक टक्का पंधरा, म्हणजे पुन्हा फवाऱ्याच्या दुप्पट. म्हणून पंपाच्या तोंडाशी डिलिव्हरी व्हॉल्व्ह असतो. फवारा संपला की तो पाइप बंद करतो आणि आत थोडा दाब राखून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी शून्यापासून सुरुवात नको. पण बंद होता होता तो पाइपातलं किंचित डिझेल मागेही खेचतो, नाहीतर नोझल नीट मिटणार नाही, थेंब-थेंब ठिबकत राहील आणि काळा धूर येईल. एअर घेतलेल्या पाइपात हा राखलेला दाबच उरत नाही.

शिवाय दाब पाइपाच्या दुसऱ्या टोकाला तत्क्षणी पोचत नाही. तो लाटेसारखा जातो, सेकंदाला तेराशे मीटरच्या वर वेगाने. पन्नास सेंटिमीटरला ०.४ मिलिसेकंद लागतात. ७५० आरपीएमला तेवढ्यात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, दोन अंशही फिरत नाही, ३,००० ला मात्र सात अंश फिरतो. वेग वाढेल तसा फवारा आधी सुरू करणारी यंत्रणा पंपात असते, त्याचं एक कारण हे. आणि जवळच्या सिलिंडरकडे जाणारा पाइप सरळ न जाता उगाच वळसे घेत का जातो, याचंही उत्तर यातच आहे. चारही पाइपांची लांबी सारखी ठेवायची असते. फुटलेल्या पाइपाच्या जागी ‘तात्पुरता’ आखूड तुकडा बसवला की त्या सिलिंडरचं टायमिंग बाकीच्यांशी जुळत नाही.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झालं खरं, पण त्यात इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने उडवत, आणि त्यासाठी भलामोठा कॉम्प्रेसर लागे. ते इंजिन मोटारीत सहज मावायला लागलं रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ मध्ये पंपाचं कारखान्यात उत्पादन सुरू केल्यावर. आपल्याकडे तीच कंपनी अनेक वर्षं ‘मायको’ होती. नाव २००८ मध्ये बदललं, पण फिटर अजून ‘मायकोचा पंप’च म्हणतात. नोझलचा तिचा कारखाना नाशिकला सातपुरात आहे. या पंपाच्या दट्ट्यात आणि त्याच्या नळीत फट असते दोन-चार मायक्रॉनची. केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. वंगण म्हणून आत डिझेलच फिरतं. स्वस्तात मिळालं म्हणून रॉकेल मिसळणारा माणूस इंधन नाही, वंगण पातळ करत असतो.

आता शोध. सेल्फ मारताना एकाने सायलेन्सरकडे बघायचं. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण गाडी लागत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. सिलिंडर तापवणारा हीटर, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन बघा, हा लेख तुमच्यासाठी नाही. रोटरी पंप असेल तर आधी त्याचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, तपासा: चावी ऑन केली की ‘टक्’ आवाज यायला हवा आणि तारेवर १२ व्होल्ट. सैल तारेपायी पंप उतरवून झालेल्या गाड्या कमी नाहीत.

धूर नाही आणि ‘टक्’ येतोय, तर फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये तेवढ्याच जाडीच्या पारदर्शक होजचा वीतभर तुकडा क्लिपा लावून बसवा. हातपंप (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा) मारून इंजिन चालू करा आणि होजकडे पाहा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे जातील, ते सोडा. पाच मिनिटांनंतरही मुंग्यांची रांग चालल्यासारखे बुडबुडे येत असतील तर हवा आत येते आहे. मग टाकीकडून येणारा पाइप सोडवून फिल्टरची होज स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा. कॅन फिल्टरपेक्षा खाली, टाकीच्या उंचीला ठेवा. बुडबुडे थांबले तर दोष बहुधा टाकी आणि फिल्टरच्या मधे. थांबले नाहीत तर फिल्टरच्या डोक्यात किंवा त्यापुढे.

जागा हेरायची युक्ती म्हणजे उलटी गळती सुलटी करणं. लाइन डिझेलने भरा, टाकीकडचं टोक सोडवून तिथे सायकलच्या पंपाने हवेचा जेमतेम ०.२ ते ०.३ बार दाब द्या आणि सांधे कोरड्या फडक्याने पुसून वाट पाहा. भेग आपोआप ओली होते. कॉम्प्रेसरची नळी लावू नका, फीड पंपाचा पडदा फाटेल.

ओलं बहुतेकदा काय सापडतं? क्लिपेखाली कडक होऊन चिरलेली रबरी होज. क्लिप आवळून भागत नाही, चीर वाढते. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहिलेली आणि तिच्यावर नवी बसवलेली. हातपंपाचा दट्ट्या. आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं, ते लाल तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ होतं, पण नवा वॉशर इतका स्वस्त आहे की ही करामत रस्त्यात अडकल्यावरच करावी. नोझलवरून जादा डिझेल परत नेणाऱ्या रिटर्नच्या कापडी होजा आणि शेवटच्या नोझलवरची छोटी टोपी हेही बघा.

दुरुस्तीनंतर एअर काढताना क्रम टाकीकडून नोझलकडे. फिल्टरवरचा ब्लीडर, म्हणजे हवा सोडायचा, स्क्रू दोन फेरे सैल करून फेस जाईपर्यंत हातपंप मारा, हातपंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा ब्लीडर, तसाच. मग नोझलवरचे नट, बहुधा १७ च्या पान्याचे, अर्धा ते एक फेरा सैल करा आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ जळतो. डिझेल उसळलं की एकेक नट आवळा. दोन सिलिंडर जागे झाले की बाकीचे त्यांच्यामागून येतात. फवाऱ्यापुढे हात धरू नका. दोनशे बारचं डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावं लागू शकतं. असं झालं तर दुखो न दुखो, थेट दवाखाना. आणि हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांपुरतं. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच दाबलेल्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या, पिकअपमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो, तिथे चालू इंजिनात किंवा सेल्फ मारताना नटला पाना लावायचा नाही.

एअर घेतलेल्या गाडीच्या इनटेकला पेटता बोळा धरतात किंवा पेट्रोल शिंपडतात. सिलिंडरात डिझेलच नसताना हवा तापवून काय साधणार? हीटर लाल असताना पेट्रोल गेलं तर मात्र पिस्टन फुटू शकतो. तीच गत डिझेलच्या पाइपावर बांधायच्या ‘मायलेज चुंबका’ची. डिझेलच्या रेणूंना चुंबकाचं काही देणंघेणं नसतं. फार तर लोखंडाचा कीस तिथे अडकेल, आणि त्यासाठी फिल्टर आहे.

सगळ्या होजा नव्या घातल्या, वॉशर बदलले, तरी बुडबुडे येतातच, असं झालं तर मालकाला एकच विचारायचं: टाकी भरलेली असताना गाडी बंद पडते का? ‘नाही, अर्ध्याखाली गेल्यावरच,’ असं उत्तर आलं तर टाकीतला ओढणीचा पाइप बाहेर काढा. पावसाळ्यात टाकीत दमटपणाचं पाणी सुटतं आणि वर्षानुवर्षं पातळीच्या वरखाली हा पाइप गंजतो. मधोमध गंजाचं भोक पडलेलं असतं. डिझेल त्याच्या वर असतं तोवर ते भोक डिझेलच ओढतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. पातळी खाली गेली की तेच भोक हवा ओढू लागतं. भोक रेतून-डागून टाका किंवा पाइप बदला, टाकी धुऊन तळाच्या प्लगमधून पाणी आणि गाळ काढा, आणि जाळी परत बसवायला विसरू नका.