परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांचं वय

परदेशात इंग्रजी शिकवायला जाणारा माणूस म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो पाठीवर सॅक टाकलेला, नुकताच ग्रॅज्युएट झालेला बावीस-तेविशीतला गोरा पोरगा, आणि हे अगदीच चूक नाहीये, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त भरणा विशीतल्या लोकांचाच आहे. तिशीच्या मध्यावर ही गर्दी ओसरते, आणि पन्नाशीनंतर परत एक छोटी लाट येते, पोरं मार्गी लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं, अशा मंडळींची. पण कुठल्या देशात कुठल्या वयाचे शिक्षक दिसणार हे लोकांच्या हौसेपेक्षा तिथला व्हिसा, तिथलं रिटायरमेंटचं वय आणि तिथला पगार या तीन गोष्टींवरच जास्त ठरतं.

खालची मर्यादा डिग्रीने आपोआप ठरते. जपान, कोरिया, चीन, व्हिएतनाम या देशांत शिकवायचा रीतसर व्हिसा हवा तर बॅचलर्स डिग्री लागते, आणि अमेरिकेत ती साधारण बाविसाव्या वर्षी हातात पडते, म्हणजे त्याआधी जायचा प्रश्नच नाही. शिकवण्याचे कोर्स मात्र लवकर करता येतात. केंब्रिजचा सेल्टा कोर्स अठरा पूर्ण झाल्यावर करता येतो, १२० तासांचा असतो, त्यात खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं, आणि एकाच बॅचमध्ये तेविशीतली पोरगी आणि बँकेतून रिटायर झालेले काका शेजारी शेजारी बसलेत हे तिथे नेहमीचंच.

जपानचा जेट प्रोग्रॅम, म्हणजे परदेशी लोकांना तिथल्या शाळांत आणायची सरकारी योजना, हे वयाच्या बाबतीत सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. १९८७ साली सुरू झाला, पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. तेव्हा अट होती ३५ च्या आतलेच पाहिजेत, पुढे ती ४० वर गेली आणि आता कडक अशी मर्यादा राहिलेली नाही, तरी येणारे बहुतेक जण विशीतलेच असतात आणि त्याचं कारण काँट्रॅक्टमध्येच आहे, एकेका वर्षाचं काँट्रॅक्ट आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, म्हणजे बाविसाव्या वर्षी गेलेला सत्ताविशीत परत घरी. यातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक शाळेत जपानी शिक्षकाच्या जोडीला उभे राहणारे असिस्टंट असतात, एखाद्या खेड्यातल्या शाळेत पोस्टिंग होतं, दुपारचं शाळेतलं जेवण मुलांबरोबर वर्गातच, मग मुलं वर्ग झाडतात तेव्हा हेही फडका घेऊन सोबत. चाळिशीतल्या घरसंसारवाल्याने करिअर सोडून असिस्टंट व्हायला यावं असं यात फारसं काही नाही, प्रमोशन नावाची गोष्टच नाही. खासगी इंग्रजी क्लासेसचंही तेच, एकेकाळी नोव्हा नावाच्या क्लासची साखळी जपानभर पसरली होती, हजारो परदेशी शिक्षक, त्यात तरुणच जास्त, २००७ मध्ये ती कोसळली आणि कितीतरी विशीतली पोरं पगाराविना आणि काहींच्या बाबतीत तर कंपनीने दिलेल्या घराविना परदेशात अडकून पडली.

कोरियात दोन वेगळी जगं आहेत. सरकारी शाळांसाठी एपिक नावाची योजना १९९५ पासून चालू आहे आणि तिची वरची मर्यादा ६२, कारण कोरियातला सरकारी शिक्षक ६२ व्या वर्षी रिटायर होतो. कागदावर म्हणजे साठीचा माणूसही चालतो. दुसरं जग हागवॉनचं, म्हणजे आपल्याकडच्या कोचिंग क्लाससारखंच पण सहा-सात वर्षांच्या पोरांपासून. दुपारी दोनच्या सुमाराला सुरू होऊन रात्री नऊ-दहापर्यंत चालणारी शिफ्ट, लहान पोरांसमोर गाणी म्हणा, उड्या मारा, बाहुल्या नाचवा. इथे अर्जासोबत फोटो मागतात, कधी कधी ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ पण, आणि मग पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाला उत्तरच येत नाही. नियमात कुठेही वय लिहिलेलं नसतं. मालकाला काय हवंय तर पालकांना दाखवायला हसरा तरुण चेहरा, बास. याला सरळ भेदभाव म्हणायला पाहिजे असं माझं मत, पण तिथे याची तक्रार करायला कोण बसलंय.

कोरियाचं अजून एक मजेशीर म्हणजे वर्गात पहिल्याच दिवशी पोरं वय विचारतात. त्यात आगाऊपणा काही नसतो, समोरच्याशी कुठल्या आदराच्या पातळीवर बोलायचं हे तिथे वयावरूनच ठरतं. त्यात परत तिथे जन्मतःच बाळ एक वर्षाचं धरायची पद्धत होती आणि १ जानेवारीला सगळेच एक वर्षाने मोठे व्हायचे, त्यामुळे चोवीस वर्षांचा शिक्षक विमानातून उतरता उतरता पंचवीस-सव्वीसचा होऊन जायचा. २०२३ च्या जूनमध्ये सरकारने कायदा बदलून जन्मतारखेवरून वय मोजायचं ठरवलं, रोजच्या बोलण्यातली सवय मात्र इतक्यात सुटत नाही.

चीनने तर वयाला मार्कच देऊन टाकलेत. २०१७ पासून परदेशी कामगारांची ए, बी, सी अशी वर्गवारी आली आणि तिच्यातल्या पॉइंट सिस्टीममध्ये २६ ते ४५ वयाला १५ पॉइंट, १८ ते २५ ला १०, ४६ ते ५५ ला १०, आणि ५६ ते ६० ला फक्त ५. शिवाय शिक्षकांना साधारणपणे दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून चीनमधला इंग्रजी शिक्षक जपानमधल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठाच भेटतो. साठीनंतर दार जवळपास बंदच.

युरोपात पैसा कमी म्हणून वय कमी, इतका साधा हिशोब आहे. फ्रान्समध्ये अमेरिकन असिस्टंटसाठी वयाची अट २० ते ३५, ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला १२ तास, आणि मिळतं ते जेमतेम खोलीभाडं आणि खाण्यापुरतं. भारतातूनही फ्रेंच शिकलेली मुलं अशीच इंग्रजीचे असिस्टंट म्हणून तिकडे जातात. स्पेनची अशीच योजना १८ ते ६० पर्यंत खुली आहे, पण तेवढ्या पैशात माद्रिदमध्ये राहायचं म्हणजे तीन-चार जणांत फ्लॅट शेअर करायची तयारी हवी, आणि ती पन्नाशीत सगळ्यांची नसते.

तिशी-चाळिशीतले लोक मग जातात कुठे? जिथे खरा पगार आहे तिथे, पण तिथे नुसती डिग्री चालत नाही. हाँगकाँगने १९९८ मध्ये माध्यमिक शाळांसाठी आणि २००२ मध्ये प्राथमिकसाठी परदेशी इंग्रजी शिक्षकांची योजना आणली, त्यात शिक्षणशास्त्राची पदवी, अनुभव वगैरे बघत आणि घरासाठी वेगळा भत्ता देत आलेत, त्यामुळे तिथे बायको-मुलांसकट आलेले चाळिशीतले मास्तर सर्रास दिसतात. आखातातल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये एम.ए. आणि काही वर्षांचा अनुभव ही तर पहिलीच अट. मात्र साठी ओलांडली की तिथेही बऱ्याच ठिकाणी व्हिसा मिळणं किंवा रिन्यू होणं अवघड होऊन बसतं.

आपल्याकडच्या लोकांचं वयाचं गणित वेगळंच निघतं आणि ते कुठल्याच इंग्रजी गाइडमध्ये नसतं. कोरियाचा ई-२ नावाचा शिकवण्याचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या लोकांनाच सरसकट मिळतो. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारात भारतीयांना एक फट ठेवलीय, पण अट अशी की डिग्रीबरोबर शिक्षकाची रीतसर पात्रता हवी. आता हिशोब करा, बारावी अठराव्या वर्षी, बी.ए. एकविसाव्या, बी.एड. आता दोन वर्षांचं म्हणजे तेवीस, त्यात कुणी दोन वर्षांचा अनुभव मागितला की पंचवीस-सव्वीस झालेच, आणि मध्ये टीईटी, शिक्षक भरतीची वाट बघण्यात गेलेली वर्षं धरली तर तिशी. म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोचा पोरगा इतिहासाची डिग्री घेऊन बाविसाव्या वर्षी वर्गात उभा राहतो आणि सोलापूरची बी.एड. झालेली मुलगी सात-आठ वर्षांनी, तेही नशीब असेल तर. म्हणूनच ओमान, मालदीव, भूतान इथे भेटणारे भारतीय इंग्रजी शिक्षक बहुतेक संसारी, मुलांची फी घरी पाठवणारे असतात, बॅकपॅकवाले नाही.

वयस्कर मंडळींसाठी जुना रस्ता म्हणजे स्वयंसेवा. ब्रिटनची व्हीएसओ १९५८ मध्ये सुरू झाली ती शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या पोरांना पाठवायला, आज तिला अनुभवी माणसंच हवी असतात. अमेरिकेची पीस कोअर १९६१ पासून आहे, तिला वरची वयोमर्यादाच नाही. तिथेही बहुतेक जण विशीतलेच, पण पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये ६८ व्या वर्षी याच पीस कोअरमधून भारतात आल्या आणि आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कॉलनीत काम करून गेल्या. त्या नर्स होत्या, इंग्रजी शिकवायला आलेल्या नव्हत्या, तरी म्हातारपणी परदेशी जाऊन काम करता येतं का असा विषय निघाला की त्यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

हल्ली साठीच्या पुढचे जास्त करून कंबोडिया, व्हिएतनाम, मेक्सिको, दक्षिण अमेरिका इकडे दिसतात, कारण तिथे वयाचे नियम ढिले आहेत आणि मोठ्या माणसांना, ऑफिसवाल्यांना शिकवायचं काम मिळतं, तिथे पिकलेले केस उलट उपयोगी पडतात. थायलंडचं मात्र आधी नीट बघून घ्यावं. तिथे पन्नाशीनंतर रिटायरमेंट व्हिसा सहज मिळतो म्हणून चिआंग माईमध्ये परदेशी म्हाताऱ्यांची वस्तीच झालीय, पण त्या व्हिसावर काम करायला बंदी आहे आणि शेजारच्या शाळेत आठवड्यातून दोनदा फुकट इंग्रजी शिकवायचं म्हटलं तरी ते कामच धरतात, त्याला वेगळं वर्क परमिट लागतं.